गळ्याला डोळे नसतात, आणि हळदीचा घोट तिथं पोचत नाही

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत आवाजाची निगा कशी राखायची यावर जो लेख आलाय तो मी दोनदा वाचला, एकदा चहाबरोबर आणि एकदा राग आल्यावर. लिहिणाऱ्यानं चांगल्या मनानं लिहिलंय त्यात वाद नाही, पण त्यात दोन गोष्टी अशा छापल्यात की त्या वाचून आमच्या शेजारच्या वहिनी संध्याकाळीच मधाची बाटली घेऊन आल्या. एक म्हणजे गळ्यात सतारीसारख्या तारा असतात आणि मेंदू त्या छेडतो. दुसरं म्हणजे हळद, आलं, मध चाटला की तो त्या तारांवर जाऊन बसतो आणि तारा मोकळ्या होतात. दोन्ही चूक. मी काय डॉक्टर नव्हे, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत ३१ वर्षं पोरांपुढं ओरडून रिटायर झालेली बाई आहे, पण मधे माझा स्वतःचा आवाज सात महिने गेला होता आणि बोलता येत नाही म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार, वाचतच बसले. ईएनटीच्या डॉक्टरांना पाटीवर प्रश्न लिहून लिहून छळलं. त्या हक्कानं हे पत्र लिहितेय, लांबलंय, पण कात्री लावायचीच असेल तर माझ्या रडगाण्याला लावा, माहितीला नको.

आधी मधाचा निकाल लावूया. आपण जे गिळतो ते अन्ननलिकेत जातं, आणि स्वरयंत्र बसलंय श्वासनलिकेच्या तोंडावर. घास घशाशी आला की स्वरयंत्र वर उचललं जातं, वरचं झाकण खाली वाकतं, आणि आतले पडदे एकमेकांना घट्ट चिकटून वाट बंद करतात. म्हणजे मधाचा थेंब त्या पडद्यांवर पडू नये यासाठीच तर एवढा बंदोबस्त आहे. पडलाच तर आवाज सुटत नाही, ठसका लागून डोळ्यातनं पाणी येतं. गरम काढ्यानं घशाला बरं वाटतं ते घशाला, स्वरतंतूंना नव्हे. वाफ मात्र तिथं पोचते कारण ती श्वासाबरोबर जाते. आणि पाणी पिऊन पडदे ओले राहतात ते रक्तातनं, वरनं ओतून नाही.

आता तारा. स्वरतंतू हा शब्दच घोटाळ्याचा आहे, तंतू म्हटलं की तार आठवते. खरं तर ते मांसाचे दोन पडदे आहेत, आडवे, कंठमणीच्या मागं पुढच्या टोकाला जोडलेले आणि मागच्या टोकाला दोन छोट्या कूर्चांवर, म्हणजे मऊ हाडांवर, बसवलेले, आणि त्या कूर्चा फिरतात म्हणून पडदे दाराच्या दोन फळ्यांसारखे उघडतात मिटतात. बायकांत लांबी साधारण १२ ते १७ मिलिमीटर, पुरुषांत १७ ते २५. अंगठ्याच्या नखाएवढं प्रकरण! बोलताना बायकांचे हे पडदे सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा फडफडतात, पुरुषांचे शंभर-सव्वाशे. १९५० च्या सुमाराला राउल ह्युसाँ नावाच्या फ्रेंच संशोधकानं तुमच्या लेखकासारखंच म्हटलं होतं, की प्रत्येक फडफडीला मेंदूकडनं एकेक हुकूम येतो. पण दुसऱ्या संशोधकांनी ते तपासलं आणि ते टिकलं नाही, १९५८ मध्ये वान डेन बर्ग या डच माणसानं व्यवस्थित मांडलं की हे काम वाऱ्याचं आहे. लहान पोरं ओठ मिटून गाडीचा ब्रर्र असा आवाज काढतात ना, तेव्हा ओठ काय ती सेकंदाला इतक्या वेळा स्वतः हलवत नाहीत, ओठ मिटून धरतात आणि खालनं फुंकर मारतात, बाकी वारा करतो. गळ्यातही तेच. मेंदू फक्त एवढं ठरवतो की पडदे किती जवळ आणायचे, किती ताणायचे, किती जाड ठेवायचे. फडफडवतो फुफ्फुसातला वारा.

पण हे "फक्त एवढं" जे आहे ना, तिथंच खरी गंमत आहे आणि त्यासाठीच मी लिहायला बसले. पडदे किती जवळ आलेत, किती ताणलेत, हे मेंदूला कळतं कसं?

आता थोडं रडगाणं. माझ्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या डाव्या बाजूला गाठ होती, ती काढली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. ऑपरेशन उत्तम झालं, टाका सुद्धा दिसत नाही, पण शुद्धीवर येऊन "पाणी द्या" म्हणायला गेले तर नुसता वारा. सायकलचा व्हॉल्व्ह सुटल्यासारखा. सांगितलं की भूल देताना नळी घातलेली असते त्याची सूज आहे, आठ दिवसांत येईल. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला, जो तो सांगायचा येईल येईल. सही घेतलेला कागद नंतर घरी वाचला, इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की असं होऊ शकतं, पण तोंडानं कोण बोललं नव्हतं, ना मराठीत ना कन्नडात. मला दोन्ही येतात हो. फोनवर बोलायची सोयच नाही, गॅसवाल्याला सिलिंडर सांगितला तर तो म्हणतो "ठीक आहे सर". आणि पाणी पिताना रोज ठसका. आमच्या सासूबाई म्हणायच्या कुणीतरी आठवण काढतंय. इतकी आठवण कोण काढणार माझी, पेन्शनचं ऑफिस सुद्धा काढत नाही.

शेवटी दुसऱ्या महिन्यात बेळगावात एका ईएनटी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी नाकातनं बारीक दुर्बीण घातली, गव्हाच्या ओंबीच्या काडीएवढी, आणि समोर टीव्हीवर माझा गळा. म्हणाले, बाई, "ई" म्हणा. मी ई म्हटलं. टीव्हीवर उजवी फळी झटकन मध्यावर आली. डावी हललीच नाही. पुन्हा ई. पुन्हा तेच, उजवी बिचारी मध्य ओलांडून पलीकडं हात पुढं केल्यासारखी थरथरतेय आणि डावी ढिम्म, भिंतीला टेकलेली. मधल्या फटीतनं सगळा वारा निसटतोय. मी गार पडले. आजार बघून नव्हे, तर हे बघून की दीड महिना माझ्या अंगातला एक अवयव बंद पडलाय आणि मला आतून काहीच कळलं नव्हतं. दुखत नव्हतं, जड वाटत नव्हतं, डावं का उजवं ते सुद्धा सांगता आलं नसतं. मला जे कळलं होतं ते सगळं कानानं कळलं होतं.

हाताचं असं होत नाही बघा. मी रोज सकाळी आरसा न बघता पाठीमागं हात नेऊन वेणी घालते, तीन पेड, कुठला पेड कुठल्या बोटात आहे हे न बघता कळतं. डोळे मिटून गुडघा किती वाकलाय ते सांगता येतं. याला शेरिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०६ साली नाव दिलं, प्रोप्रिओसेप्शन, म्हणजे अंगाची अंगालाच असलेली खबर. ही खबर कळवणारी सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे स्नायूंच्या आत असलेल्या बारीक बारीक चात्या. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या, चरख्याच्या चातीसारख्या, म्हणून इंग्रजीतलं नावही चातीचंच, स्पिंडल. स्नायू ताणला की चाती ताणते आणि मेंदूला कळवते की एवढा ताणलाय. हातात, मानेत, पाठीत या भरपूर. आणि स्वरयंत्राच्या स्नायूंत? तुरळक. कुणाला थोड्या सापडल्या, कुणी म्हणतात जवळजवळ नाहीतच, संशोधकांत यावर अजून वाद चाललेत. पण हातापायाइतक्या भरपूर नाहीत हे नक्की. म्हणजे शरीरातल्या फार चपळ, फार नाजूक कामाच्या स्नायूंपैकी एक, जो गाणाऱ्याच्या एका तानेत किती वेळा जागा बदलत असेल त्याची मोजदाद नाही, त्याच्याकडंच खबर देणारी ही माणसं कमी.

मग काम चालतं कसं? तर अस्तरावर. स्वरयंत्राच्या आतल्या ओल्या अस्तरात स्पर्शाचे, दाबाचे, पाण्याचे सुद्धा संवेदक गच्च भरलेत, विशेषतः वरच्या तोंडाशी. तिथं पाण्याचा एक थेंब किंवा दुर्बिणीचं टोक लागलं की पडदे फटकन मिटतात, पहिला झटका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत, आपल्याला कळायच्याही आधी. आवाज काढणं ही स्वरयंत्राची नंतरची नोकरी, मूळ नोकरी दारवानाची, फुफ्फुसात भलतं काही जाऊ द्यायचं नाही, आणि हे अस्तर त्या दारवानाचे डोळे. तेच मग बोलताना पण कामाला येतं, पडद्यांच्या खाली हवेचा दाब किती आहे, अस्तर किती ताणलंय, थरथर कशी आहे हे कळवत राहतं. कूर्चांच्या सांध्यांतही संवेदक आहेत. एवढं असून यातलं आपल्या जाणिवेपर्यंत फार थोडं येतं, आतल्या आत खालच्या पातळीवरच निकाल लागतो, वरच्या साहेबांपर्यंत फाईल जातच नाही.

आणि वायरिंग तर असं की हसावं का रडावं. स्वरयंत्राला दोन बाजूंनी दोन दोन नसा. वरच्या नसेची एक फांदी पडद्यांच्या वरच्या अस्तराची खबर नेते, दुसरी फांदी एकाच स्नायूला जाते, जो पडदे ताणून स्वर चढवतो. बाकी सगळे स्नायू, मिटवणारे सगळे आणि उघडणारी जी एकुलती एक जोडी आहे ती, आणि पडद्यांखालच्या अस्तराची खबर, हे सगळं दुसऱ्या नसेकडं. आणि ही दुसरी नस मेंदूकडनं खाली येताना स्वरयंत्राच्या शेजारनं सरळ निघून जाते, छातीत उतरते, डावीकडं हृदयातनं निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि मग श्वासनलिकेच्या कडेकडेनं परत वर येते. बेळगावात गाडीत बसलात, उतरायचंय खानापूरला, गाडी खानापूरला थांबलीच नाही, लोंड्याला जाऊन वळून परत खानापूरला आली, तसं. उजवीकडची वळसा घालते ती वरच, हाताकडं जाणाऱ्या धमनीला, म्हणून ती आखूड. जिराफात तर हा फेरा काही मीटरचा होतो. आणि परतीच्या वाटेवर ही नस थायरॉइडच्या अगदी पाठीला चिकटून जाते. माझी तिथंच दुखावली. ग्रीक वैद्य गेलन यानं दुसऱ्या शतकात डुकरावर दाखवून दिलं होतं की ही नस कापली की डुक्कर धडपडतं पण केकाटत नाही, म्हणजे अठराशे वर्षं माहीत असलेली गोष्ट आहे, आणि पेशंटला दोन वाक्यांत सांगायला वेळ मिळत नाही! असो. सर्जनचा दोष असतोच असं नाही, नस केसाएवढी नाही तरी दोऱ्याएवढीच असते, नुसती ताणली गेली तरी रुसते. माझी तक्रार रुसण्याबद्दल नाही, न सांगण्याबद्दल आहे.

आता कान. इथं मला शाळेत परत जावं लागेल.

खानापूरच्या पश्चिमेकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय, जांबोटी कणकुंबीकडचा, त्यांना मी काय सांगू. आमच्या शाळेच्या दोन खोल्या कौलारू आणि नंतर बांधलेल्या दोन पत्र्याच्या. जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू झाला की वर्गात ताशा वाजल्यासारखं. मी तिसरी-चौथी एकत्र घ्यायची, एका बाजूला पाढे, एका बाजूला धडा. मला वाटायचं मी नेहमीसारखीच बोलतेय. पाऊस एकदम थांबला की कळायचं मी केवढ्यानं किंचाळत होते, शेवटचं "सात सक्कं बेचाळीस" पार रस्त्यापर्यंत जायचं आणि पोरं हसायची. हे मी मुद्दाम करत नव्हते. १९११ साली लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं हे लिहून ठेवलंय, कानात गोंगाट घातला की माणसाचा आवाज आपोआप चढतो आणि गोंगाट काढला की आपोआप उतरतो, त्याला पत्ता पण नसतो. कारण गळा आपला आवाज कानानं मोजतो. कानाला कमी ऐकू आलं की गळ्याला वाटतं आपण कमी पडलो, लावा जोर. पडदे सेकंदाला दोनशे वेळा एकमेकांवर आपटतायत, जोर लावला की जास्त जोरानं आपटतात, दिवसाला पाच तास, जून ते सप्टेंबर. मग गाठी येतात, शेतात काम करून हाताला घट्टे पडतात तशा. माझ्या ओळखीच्या किती बायांचा आवाज पावसाळ्याअखेर घोगरा व्हायचा, आम्ही म्हणायचो हवा बदलली. हवा काय बदलत नव्हती, पत्रा वाजत होता. सीलिंगसाठी आम्ही अर्ज केले तेव्हा उत्तर आलं की आवाज ही काय इमारतीची दुरुस्ती नव्हे.

कानाची सत्ता किती आहे हे प्रयोगातनं पण दिसलंय. हेडफोन लावून माणसाला "आ" म्हणायला लावतात आणि त्याचाच आवाज किंचित चढवून त्याच्या कानात सोडतात. सेकंदाचा दहावा भाग गेला न गेला की त्याचा गळा आवाज खाली घेतो, नकळत. आणि पडद्यांचं अस्तर औषधानं बधिर करून हाच प्रयोग केला तर गळा कानाचं आणखी जास्त ऐकतो, म्हणजे आतली खबर कमी झाली की बाहेरच्या खबरीवर भिस्त. दुसरा प्रकार आवाज उशिरा ऐकवण्याचा, सेकंदाचा पाचवा भाग उशीर झाला की चांगला बोलणारा माणूस अडखळायला लागतो. हा प्रयोग तर आपल्या गावोगावी फुकट चालतो की! शिवजयंतीच्या कार्यक्रमात मी निवेदन करत होते, मंडपाच्या पार टोकाला कर्णा बांधलेला, माझाच शब्द मला उशिरा परत येतोय, "उपस्थित मान्यवर" म्हणता म्हणता जीभ अशी अडकली की लोकांना वाटलं बाई घाबरल्या. हवेतनं आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, ७० मीटरवरनं येईपर्यंत नेमका तेवढाच उशीर होतो. त्या दिवशी मंडपवाल्याला उगीच शिव्या घातल्या नाहीत म्हणायच्या.

पण कानानंच सगळं होतं असंही नाही, नाहीतर मोठेपणी ऐकू येईनासं झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवसापासनं बोलताच आलं नसतं. ती माणसं वर्षानुवर्षं बोलतात, आवाज हळूहळू भरकटतो एवढंच. म्हणजे मेंदूनं लहानपणापासनं पाठ करून ठेवलंय की अमुक स्वराला एवढा ताण. आमच्या भजनी मंडळात पेटीवाला काळी चार पट्टीचा सूर देतो, एक क्षण सगळ्या गप्प, आणि मग बरोबर सा वर. तो सा ऐकू यायच्या आधीच पडदे त्या ताणावर लागलेले असतात, कारण कानाला तर आवाज निघाल्यावर कळणार. रियाज म्हणजे हा पाठ पक्का करणंच की. कान मागनं येऊन फक्त खडू घेऊन चूक का बरोबर करतो. आणि वारा नीट नसेल तर नुसत्या पडद्यांनी भागत नाही, हे आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांकडं बघून कळतं. क्षयानं फुफ्फुस अधू झालं, काही वर्षं गाणं बंद, आणि परत गायला लागले ते छोट्या छोट्या, झपकन येऊन जाणाऱ्या स्वरवाक्यांत. गळा जागेवर होता, भात्याचा हिशेब नवीन मांडला.

एक गोष्ट राहिली. माझ्या निरोपाच्या दिवशी, म्हणजे ऑपरेशनच्या बराच आधी, नस अस्तर कान सगळं ठणठणीत असताना, मला चार वाक्यं बोलता आली नाहीत. कंठ दाटून आला. या स्नायूंचे मालक दोन आहेत. एक नवा, मेंदूच्या वरच्या थरातला, जो बोलणं गाणं चालवतो, त्याची माणसात थेट वायर खाली गेलेली आहे. दुसरा जुना, मेंदूच्या खोल भागातला, रडणं हसणं किंचाळणं हे त्याच्याकडं, आणि तो कुत्र्यामांजरात पण आहे. दोघांनी एकदम दोर ओढला की भाषण संपलं.

माझा इलाज काय झाला ते सांगते कारण लोक विचारतात. गोळ्या नाहीत. आवाजाच्या व्यायामाच्या बाईंनी एक साधी स्ट्रॉ दिली, शीतपेयाची, अर्ध्या ग्लास पाण्यात ती दोन बोटं खोल बुडवायची आणि ऊ म्हणत बुडबुडे काढायचे. मला वाटलं आता या वयात हे खेळ. पण त्यात शहाणपण आहे, पाण्याचा दाब उलट येतो, पडद्यांना आधार मिळतो आणि ओठांत, गालात, नाकाच्या हाडात थरथर जाणवते, जी गळ्यात कधी जाणवत नाही. म्हणजे जिथं खबर नाही तिथली खबर दुसरीकडनं मागवायची. पाणी पिताना हनुवटी छातीकडं घ्यायला शिकवलं, ठसका कमी झाला. कुजबुजायचं नाही म्हणून बजावलं, मला वाटायचं कुजबुजलं की आराम मिळतो, पण बऱ्याच जणी कुजबुजताना गळा आणखी आवळतात. सहाव्या महिन्यात एके सकाळी बुडबुड्यांत स्वर आला, सातव्यात डावी फळी टीव्हीवर थोडी हलली. पूर्ण नाही. काळी चार गेली ती गेलीच, मी आता त्याहून खालच्या काळी दोनमध्ये गाते, पेटीवाल्याला माझ्यासाठी वेगळी पट्टी धरावी लागते आणि तो तोंड वाकडं करतो.

तेव्हा साहेब, माझी विनंती एवढीच की त्या लेखाची दुरुस्ती छापा, आणि मधाच्या जागी हे छापा की आवाज बसून तीन-चार आठवडे झाले आणि सुटत नसेल तर चाटण बंद करून ईएनटीकडं दुर्बिणीनं बघून घ्या, कारण आत काय बिघडलंय ते गळा स्वतः सांगत नाही. आपला भाग तंबाखूचा, निपाणीकडची माणसं वाचत असतील, विडी तंबाखूवाल्यांनी तर एक आठवडा पण जास्त थांबू नये, स्वरयंत्राचा कॅन्सर पुष्कळदा पहिल्यांदा नुसत्या घोगऱ्या आवाजातनंच दिसतो आणि त्या वेळी पकडला तर बहुतेक वेळा बरा होतो. थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधी आणि नंतर पडदे हलतायत का बघा असं तुम्हीच विचारा, लाजू नका. आणि कुणाच्या हातात शाळेच्या दुरुस्तीचा पैसा असेल तर पत्र्याच्या खाली सीलिंग मारून द्या.

आपली,
एक रिटायर्ड मराठी शाळेच्या बाई, खानापूर तालुका

ता. क. पत्र खरं आहे का बघायला फोन करणार असाल तर सकाळी दहाच्या आत करा. संध्याकाळी आवाज उतरतो, आणि मग तुमचे वार्ताहर "सर, बाईंना जरा फोन देता का" म्हणतील.